ढाबळ

पाच वर्षं घरात आम्ही दोघं नव्हतो, तिघं होतो.
मी, ओडिलोन, आणि त्याचा खोकला.
खोकला आमच्याआधी उठायचा,
आणि रविवारी चर्चमध्ये नेमका
सगळे गप्प झाले की बोलायचा.
पाद्री थांबायचे, हात तसाच वर धरून.
मी बुटांकडे बघत बसायचे.

कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं.
लिम्बुर्गच्या या टापूत म्हातारा खोकला
की लोक खाणीकडे बोट दाखवतात.
बावीस वर्षं, जमिनीखाली आठशे मीटर.
खाण बंद पडून जमाना झाला,
तिच्या राखाडी डोंगरावर आता बर्च वाढलेत,
लोक तिथे कुत्री फिरवतात.
छातीतली खाण कुठे बंद होते, ओडिलोन म्हणायचा,
आणि म्हणताना जरा ताठ बसायचा.

कांदा चिरून खडीसाखरेत रात्रभर ठेवला.
थाइमचा काढा. उशीवर उशी.
तळपायाला मलम, फ्लोरेंटीन म्हणाली म्हणून.
पहिला डॉक्टर म्हणाला पित्त.
दुसऱ्याने रक्तदाबाची गोळी बदलली.
तिसऱ्याने छातीचा फोटो उजेडासमोर धरला:
कोळसा आहे, पण एवढा नाही.

एवढा नाही!
हे त्याला फार लागलं.
बसमध्ये घरापर्यंत अवाक्षर नाही,
फक्त ढास.

मला एक गोष्ट माहीत होती.
सप्टेंबरात बहिणीकडे, ओस्टेंडला,
पंधरा दिवस राहिलो होतो.
सहाव्या रात्री मी दचकून उठले.
शेजारी आवाज नाही.
नाकाशी बोट नेलं. श्वास होता.
बाहेर समुद्र, बाकी काही नाही.
त्याने श्रेय समुद्राला दिलं.
परतल्यावर बॅग दारातच टाकून
तो मागच्या अंगणात गेला, ढाबळीत,
चाळीस पाखरांत,
आणि दिवे लागायच्या आत खोकला घरी आला.

मी गप्प राहिले. सबंध हिवाळा.
काय सांगणार होते?
बार्सिलोनाहून उडत आलेली निळी मादी
मुठीत धरून, छातीवर फुंकर घालून
पिसं उलगडताना त्याचा जो चेहरा होतो
तो माझ्याकडे बघताना कधी झाला नाही.
तरी तो चेहरा मला घरात हवा होता.

गेंकच्या इस्पितळात डॉक्टर सेव्हिलाय.
तिचा बाप याच खाणीत, याच पाळीला.
तिने छातीला नळी लावलीच नाही आधी.
विचारलं, सकाळी उठून पहिलं काय करता?
ढाबळ झाडतो.
किती वर्षं?
आईच्या पोटात असल्यापासून, तो म्हणाला,
हसला, आणि हसण्याचा खोकला झाला.
तिने पेन खाली ठेवलं.

रक्ताच्या अहवालात तेच निघालं.
वाळलेल्या विष्ठेची धूळ, पिसांची पिठी.
कबुतरं? त्याने विचारलं,
दुसऱ्याच कुणाचा कागद वाचताय, अशा सुरात.
मग माझ्याकडे वळला.
तुला माहीत होतं.
त्यात प्रश्न नव्हता.

तोंडावर मुखवटा बांधून दोन आठवडे गेला आत.
पाखरं ओळखेनात त्याला, भिंतींवर आपटत सुटली.
मग चाळीसच्या चाळीस तुर्नहाउटच्या एका माणसाला दिली.
माणूस म्हणाला, जुनी आहेत,
कोंडून ठेवीन, पिल्लं घेईन, सोडणार नाही.
ढाबळ मी पाइपाने धुतली.

खोकला उतरला, सगळा नाही.
थोडा खाणीचा आहे म्हणे.
तेवढ्यावर ओडिलोन समाधानी आहे.

आणि आज, मंगळवारी, साडेदहाला
कौलांवर निळी मादी.
कुणीतरी दार नीट लावलं नसेल.
तो स्वयंपाकघराच्या काचेमागे उभा,
काच त्याच्या श्वासाने धुरकट होते,
तो पुसतो, पुन्हा होते.
मी बाहेर गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा
मूठभर दाणे घेऊन मी.
ती आली. हातात केवढी गरम, केवढी हलकी.
आतून तो हातवारे करतोय:
अंगठा वर.
तसा नाही.
तसा नाही.